अजून शंभर फूट मारू का? बेसाल्टमधल्या पाण्याचा हिशेब

मार्च उलटला की मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे, पुण्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत रात्री-अपरात्री कॉम्प्रेसरचा आवाज ऐकू येतो. तमिळनाडू पासिंगची बोअरची गाडी शेतात लागलेली असते, पांढरा धुरळा उडत असतो आणि घरची माणसं बांधावर उभी असतात. तीनशे फूट झाले, पाणी नाही. गाडीवाला विचारतो, "अजून शंभर मारू का?" आधीच्या तीनशे फुटांचे पैसे मातीत गेलेले असतात. आता नाही म्हणायला जीव होत नाही. "मारा," म्हणतात.

या प्रश्नाचं उत्तर नशिबावर अवलंबून आहे असं आपण धरून चाललो आहोत. खरं तर त्याचं बरंचसं उत्तर खडकात आहे आणि भूवैज्ञानिकांना ते कित्येक दशकं ठाऊक आहे. ते बांधापर्यंत पोचलं नाही, याची किंमत शेतकरी कुटुंबं कर्ज काढून मोजत आहेत. म्हणून हा खडक, त्यातलं पाणी आणि त्या पाण्याचा हिशेब इथे पायापासून मांडतो.

## पायाखाली काय आहे

महाराष्ट्राची ८० टक्क्यांहून अधिक जमीन बेसाल्ट या एकाच खडकावर उभी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. काही काळाने त्यावर पुन्हा नवा लाव्हा आला. असं पुन्हा पुन्हा होऊन दख्खनचं पठार तयार झालं. या थरांची एकूण जाडी सगळीकडे सारखी नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतलं, तेव्हा बेसाल्ट ३३८ मीटरवर संपला आणि खाली जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. कोयनेजवळ गोठण्याला घेतलेल्या तीन किलोमीटर खोल छिद्रात बेसाल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास भरला.

हे थर पाहायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. मे महिन्यात एखाद्या न बांधलेल्या जुन्या विहिरीत पायऱ्यांनी उतरा आणि भिंत वरून खाली वाचत जा. वर काळी माती. तिच्याखाली पिवळट मुरूम, त्यात पापुद्रे सुटलेले गोलसर गोटे. मग भेगाळलेला खडक. त्याखाली विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो करडा-जांभळा खडक. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे वर आले आणि तिथेच अडकले, त्यांची बारीक भोकं त्यात दिसतात. पुष्कळ भोकं पुढे पांढऱ्या खनिजांनी भरून गेली. विहिरीच्या ढिगाऱ्यात चमकणारे पांढरे, गुलाबी स्फटिक सापडतात ते हेच. आणखी खाली काळा पाषाण, ज्यावर पहार मारली की ठिणगी उडते आणि हात झिणझिणतो. दोन लाव्ह्यांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा लाल पट्टा असतो. भिंतीला ओल कुठे आहे तेही बघा. ती बहुधा भेगाळलेल्या भागात, मांजऱ्यात आणि थर बदलतो त्या सांध्यावर असते. काळा पाषाण कोरडा ठणठणीत दिसतो.

## पाणी राहतं कुठे

जमिनीखाली मोठी तळी आहेत, नद्या वाहतात, असं अनेकांना वाटतं. बेसाल्टमध्ये तसं काही नसतं. पाणी असतं ते भेगांत, सांध्यांत, मुरमाच्या कणांमधल्या जागेत आणि एकमेकींना जोडलेल्या बारीक भोकांत. ज्या थरात पाणी साठतं आणि ज्यातून ते विहिरीत येऊ शकतं, त्याला जलधर म्हणतात.

आता महत्त्वाची गोष्ट. खडक कुजतो, भेगाळतो तो मुख्यतः वरून. ऊन, पाऊस, झाडांची मुळं यांचा मारा पृष्ठभागाजवळ. खोल जाल तसा वरच्या खडकाचा भार वाढतो, भेगा आवळल्या जातात आणि एकमेकींपासून तुटतात. म्हणूनच बेसाल्टमध्ये भरवशाचं, दरवर्षी भरणारं पाणी बहुतेक ठिकाणी वरच्या तीस-चाळीस मीटरांतच सापडतं. आजोबांच्या विहिरी चाळीस-पन्नास फुटांवर थांबायच्या. तेव्हा यंत्रं नव्हती हे एक कारण झालं. पण त्या लोकांना पाणी कुठवर असतं याची चांगली जाणही होती.

## एका एकराखाली किती पाणी मावतं

इथे थोडं गणित करावंच लागेल, कारण सगळा गैरसमज याच ठिकाणी आहे.

भूजलाच्या अधिकृत अंदाजात बेसाल्टसाठी साधारण १ ते ३ टक्के हा आकडा धरतात. म्हणजे एक घनमीटर पाणी भरलेला खडक उपसला तर त्यातून १० ते ३० लिटर पाणी हाती लागतं. नदीकाठच्या वाळूच्या गाळात तोच आकडा १२ ते २० टक्के असतो, म्हणजे १२० ते २०० लिटर. पंजाब-उत्तर प्रदेशातल्या कूपनलिकांच्या गोष्टी ऐकून आपण आपल्या खडकाकडून तीच अपेक्षा ठेवतो. खडकात तेवढी जागाच नाही.

पावसाळ्यात तुमच्या विहिरीची पातळी पाच मीटर वाढली असं धरा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्याला पाच मीटरने गुणा, त्याचे दोन टक्के काढा. उत्तर येतं जवळपास ४०० घनमीटर, म्हणजे चार लाख लिटर. तुमच्या एका एकराखाली वर्षाला जमा झालेलं पाणी इतकंच.

रब्बीच्या गव्हाला हंगामात साधारण ४०० मिलिमीटर पाणी लागतं. एका एकराला ते होतं सोळा लाख लिटर. म्हणजे एक एकर गहू चार एकरांखालचं पाणी पितो. उसाची वर्षाची गरज २,००० मिलिमीटरच्या घरात जाते. त्यातले पाचशे मिलिमीटर पावसाने दिले असं धरलं, तरी एक एकर ऊस पंधरा एकरांखालचं पाणी पितो. ते पंधरा एकर ज्यांचे आहेत, त्यांना आपल्या विहिरी दिवाळीतच का बसतात ते कळत नाही.

## मग खोल गेलं की जास्त पाणी का मिळत नाही

वाड्यात एकच रांजण आहे आणि दहा घरं त्यातून पाणी काढतात. तळ दिसू लागला की एकाने लांब दांड्याचं ओगराळं आणलं. त्याला दोन दिवस पाणी मिळालं, बाकीच्यांची ओगराळी कोरडी निघाली. मग त्यांनीही लांब दांडे आणले. रांजणात पाणी मात्र होतं तेवढंच. गावोगावच्या बोअरचं नेमकं हेच झालं आहे. दोनशे फुटांवरून चारशे, चारशेवरून आठशे, आणि एकूण पाणी तेच.

बोअर स्वतः पाणी साठवतो असंही नाही. साडेसहा इंची, दोनशे मीटर खोल बोअर काठोकाठ भरला तरी त्यात साडेचार हजार लिटरसुद्धा मावत नाहीत. वीस फूट व्यासाच्या साध्या विहिरीत एक मीटर पाण्याची पातळी म्हणजे सुमारे एकोणतीस हजार लिटर. विहिरीत पाणी रात्रभर झिरपून साचतं आणि सकाळी उपसता येतं. बोअरला ती सोय नाही, त्याला भेगेतून येईल तेवढ्यावरच भागवावं लागतं.

हे तंत्र आपल्याकडे रुजलं ते सत्तरच्या दशकात, पिण्याच्या पाण्यासाठी. दुष्काळात वेगाने खडक फोडणारी यंत्रं आली, त्यावर हापसे बसले. जालना आणि सोलापूरकडे घडलेल्या हापशांच्या अनुभवावरच पुढे जगभर गेलेला इंडिया मार्क २ हा हापसा तयार झाला. हापसा तासाभरात काढतो ते पाणी हंड्या-कळश्यांचं. पाच हॉर्सपॉवरची मोटर तेवढ्याच वेळात हजारो लिटर ओढते. छिद्र तेच राहिलं, त्यावर टाकलेला भार कित्येक पटींनी वाढला.

## "पण शेजाऱ्याला सातशे फुटांवर दोन इंची पाणी लागलंय!"

लागलं असेल. खोल बेसाल्टमध्ये पाणी अजिबात नसतं असं कुणी म्हणत नाही. दोन लाव्ह्यांच्या सांध्यात, एखाद्या खोलवर गेलेल्या भेगेत पाणी दाबाखाली अडकलेलं असतं. छिद्र तिथे पोचलं की ते उसळून येतं, गुलाल उधळला जातो, नारळ फुटतो. प्रश्न असा की ते पाणी परत भरणार कुठून?

दोन शक्यता आहेत. एक, ते फार जुनं पाणी आहे, वर्षानुवर्षं हळूहळू मुरलेलं, आणि एकदा उपसलं की भरायला तितकाच काळ घेणारं. अशा बोअरचं पाणी पहिल्या वर्षी दोन इंची, दुसऱ्या वर्षी एक इंची आणि तिसऱ्या वर्षी मोटर अडकून पडलेली. दुसरी शक्यता जास्त त्रासदायक आहे. ती भेग वर कुठेतरी सगळ्यांच्या विहिरी असलेल्या थराला जोडलेली आहे. म्हणजे सातशे फुटांवर लागलेलं पाणी पलीकडच्या चाळीस फुटी विहिरीचंच.

तिसरीही एक गोष्ट घडते, आणि ती कानाने ऐकता येते. बोअरला केसिंग पाइप फक्त वरच्या मातीच्या आणि मुरमाच्या भागात घालतात, खाली खडक उघडाच असतो. वरच्या भेगांतलं पाणी मग छिद्रात शिरून खाली पडत राहतं. मोटर बंद असताना, रात्रीच्या शांततेत अशा बोअरच्या तोंडाला कान लावा. आत पाणी पडल्याचा आवाज येतो. पुष्कळदा लोक तो ऐकून खूश होतात, की झरा जिवंत आहे. प्रत्यक्षात वरचा थर खाली रिता होत असतो. फेल गेलेला, विसरलेला बोअरसुद्धा हे काम चोवीस तास करतो.

## पाणाड्याने दाखवलेल्या जागी पाणी लागतं, त्याचं काय

पाणाड्या बहुधा त्याच मातीतला, अनुभवी माणूस असतो. कुठलं झाड हिरवं आहे, उतार कुठे मिळतात, जुन्या विहिरी कुठे आहेत हे त्याला दिसतं, आणि या खुणा खऱ्याच आहेत. शिवाय ओढ्याकाठी, सखल भागात वरच्या थरात कुठेही खणलं तरी थोडंफार पाणी लागतंच. हातातली काडी किंवा तळहातावरचा नारळ जमिनीखालची भेग ओळखतो, याला मात्र काही आधार नाही. लागलेले बोअर लक्षात राहतात, फेल गेलेल्यांची आठवण कुणी काढत नाही.

जमिनीत वीज सोडून खडकाचा रोध मोजणारं यंत्र पाणाड्यापेक्षा उपयोगी आहे, कारण कुजलेला थर किती खोल आहे आणि कठीण पाषाण कुठे सुरू होतो याचा अंदाज त्यातून येतो. पण तेही थेट पाणी दाखवत नाही. "मशीनने दोन झरे दाखवले" असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध व्हा.

## कोकणात एवढा पाऊस, तरी मे महिन्यात टँकर का

कारण पडणं वेगळं आणि थांबणं वेगळं. कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सड्यावरचा (मोकळ्या कातळमाळावरचा) जांभा खडक सच्छिद्र असल्याने पाणी पटकन आत घेतो, पण उतारावरून तितक्याच पटकन ओढ्यात सोडूनही देतो. पठारावर उलट अडचण आहे. पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, त्यातलाही मोठा भाग वाफ होतो, पिकं वापरतात किंवा ओढ्याने वाहून जातो. भूजलापर्यंत पोचतो तो साधारण दहाव्या भागाच्या आसपास.

## पुनर्भरण केलं की प्रश्न सुटेल ना?

समतल चर, बांध, शोषखड्डे, छतावरचं पाणी विहिरीत सोडणं ही पावसाचं पाणी जमिनीत मुरवायची सगळी कामं करावीत, जरूर करावीत. फक्त त्यांच्या मर्यादा ओळखून करावीत. खडकातली जागा दोन टक्के. ती एकदा भरली की पुढचं पाणी ओढ्याला जाणार, मग बंधारे कितीही बांधा. आणि ज्या वर्षी पाऊसच तीनशे मिलिमीटर पडतो, त्या वर्षी भरायलाच काही नसतं. नाला खोल करताना मुरूम संपून काळा पाषाण लागला की थांबायला हवं. पाषाणात खणलेल्या चराला पाणी उभं राहतं, फोटो छान येतो, पण ते खाली मुरत नाही, आणि कधी कधी कडेच्या जलधरातलं पाणीच चरात उतरतं.

प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याबद्दल तर स्पष्टच बोललं पाहिजे. पावसाचं वाहतं पाणी धरायला ते उत्तम. पण बोअरचं पाणी उपसून त्यात साठवणं म्हणजे सावलीतलं पाणी उन्हात आणून ठेवणं. कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला जवळपास सेंटिमीटरभर वाफेनेच उतरते. खडकात होतं तेव्हा ते उडत नव्हतं.

## खोल पाणी शुद्ध असतं, हे तरी खरं का?

जंतूंच्या बाबतीत पुष्कळ अंशी खरं. गढूळ ओढ्याच्या पाण्यापेक्षा हापशाचं पाणी बरं, म्हणून तर हापसे बसवले. पण पाणी खडकात जितका जास्त काळ राहतं तितकी त्यात खनिजं विरघळत जातात. त्यातलं सगळ्यात घातक फ्लोराइड. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं. त्यावर गेलं की लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात पोटात गेलं तर हाडं आणि सांधे आखडतात आणि ते परत सुधारत नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांनी हे सोसलं आहे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उकळताना पाणी आटतं, त्यामुळे ते उलट दाट होतं.

अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा ही वेगळी गोष्ट. तिथे बेसाल्टवर गाळाचे जाड थर आहेत, त्यांत पाणी मुबलक आहे पण खारट. तिथली माणसं पाण्यावर बसून तहानलेली आहेत.

वरच्या थराचा धोका निराळा, तो आपणच घातलेला: नायट्रेट. युरिया, उकिरडे, संडासाचे शोषखड्डे यांतून ते विहिरीत उतरतं. मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. त्याहून जास्त असलेलं पाणी तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतं. म्हणून पाणी लागलं की आनंद करा आणि पिण्याआधी तपासून घ्या. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या बायकांना तपासणी संच आणि प्रशिक्षण दिलेलं आहे, ग्रामपंचायतीत विचारा. संचाच्या निकालात शंका आली तर नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवता येतो.

## माझ्या जमिनीखालचं पाणी माझंच ना?

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून समज तोच चालत आला आहे: जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं. खडकाला सातबारा कळत नाही. तुमच्या मोटरीने बांधापलीकडचं पाणी येतं आणि तुमचं पलीकडे जातं. १९९३ च्या राज्य कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर घेण्यावर निर्बंध आणला. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने पुढचं पाऊल टाकलं आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं घातली. किती जणांना हे माहीत आहे? गावात रात्रीतून सातशे फुटांचा बोअर होतो आणि कुणी हटकत नाही, ही वस्तुस्थिती आहे. पोलीस ठेवून हा कायदा चालणार नाही. शेजाऱ्यांनी एकत्र बसून ठरवलं तर चालेल.

तसं ठरवलेलं गाव आपल्याकडे आहे. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार अवर्षणप्रवण भागातलं. तिथे गावाने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस-केळी बंद केली. दरवर्षी पावसाळा संपला की किती पाऊस पडला, विहिरींत किती पाणी आहे हे मोजतात. पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढून उरलेल्यात रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभा ठरवते. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याची पिकं त्या वर्षी नाहीत. तिथले सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांच्या या गावाचे बंधारे बघायला लोक जातात. माझ्या मते बघायची गोष्ट म्हणजे पाण्याचा हा हिशेब लिहिलेली वही.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. तुमच्या गावात त्यासाठी यंत्रणा लागत नाही. गाठी मारलेला दोर, एक पर्जन्यमापक आणि दहा विहिरींची नोंद ठेवणारा एक तरुण पुरतो. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की ऑक्टोबरची पातळी बघून मे महिन्यात काय होणार ते सांगता येतं.

## तरीही बोअर घ्यायचाच असेल तर

कधी कधी पर्याय नसतो, विशेषतः पिण्यासाठी. तेव्हा आधी जवळच्या चार-पाच बोअरची खोली, पाणी कितीवर लागलं आणि आज किती आहे ते विचारा. फेल गेलेल्यांचं आवर्जून विचारा. गाडी लागली की दर दहा फुटांचा चुरा कागदावर ओळीने ठेवायला लावा: मुरूम, मांजऱ्या, गेरू, पाषाण. कुठे ओल आली तेही लिहा. दोनशे फुटांपर्यंत काही लागलं नाही आणि चुरा सलग काळा, कोरडा येत असेल, तर "अजून शंभर मारू का?" याला नाही म्हणा. वाचलेल्या पैशांत जुन्या विहिरीचा गाळ निघतो.

बोअर फेल गेलाच तर तो उघडा टाकू नका, आणि नुसता दगड किंवा पोतं टाकून झाकूनही ठेवू नका. लेकरं अशा छिद्रांत पडून दगावली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे घालून भरायचा असतो. त्यात रस्त्याचं किंवा गोठ्याचं पाणी सोडून 'पुनर्भरण' करण्याचा मोहही टाळा. गाळण न करता आत गेलेली घाण भेगांमधून कुणाच्या विहिरीत निघेल, ते कुणालाच सांगता येणार नाही.